नैरोबी ते मोंबासा : कर्जाच्या रुळांवरून

नैरोबीहून मोंबासाला विमानाने तासाभरात जाता येते; परंतु चीन आणि केनिया यांच्यातला व्यवहार डोळ्यांनी पाहायचा असेल, तर रेल्वेनेच जावे. २०१७च्या मेअखेरीस सुरू झालेला, सुमारे ४७० किलोमीटरचा हा एकेरी रुळांचा मार्ग चिनी कंपनीने बांधला असून त्याच्या खर्चाचा जवळजवळ ९० टक्के भाग चीनच्या एक्झिम बँकेने कर्जाऊ दिला आहे.

तिकीट आधीच काढावे. पैसे बहुधा एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या केनियातल्या सेवेने, भरावे लागत असल्यामुळे विमानतळावर उतरताच स्थानिक सिमकार्ड घेणे सोयीचे पडते. २०२४पासून साध्या वर्गाचे भाडे १,५०० शिलिंग आणि पहिल्या वर्गाचे ४,५०० शिलिंग आहे. साधा वर्ग पुरेसा आहे. स्थानक शहराबाहेर स्योकिमाऊला आहे आणि तिथे सामान जमिनीवर ओळीने मांडून कुत्र्यांकडून हुंगवून घेतले जाते, म्हणून दीड तास आधी पोहोचावे. मी पाऊण तास आधी पोहोचलो आणि धापा टाकत डब्यात शिरलो. जागा उजवीकडची मिळाल्यास उत्तम, कारण आकाश निरभ्र असेल तर त्या बाजूला किलिमांजारो दिसतो. त्सावो अभयारण्यातून गाडी उंच भरावावरून जाते आणि हत्तींना पलीकडे जाता यावे म्हणून खाली मोकळे मार्ग सोडलेले आहेत.

समोरून येणाऱ्या मालगाडीसाठी आमची गाडी एका स्थानकावर थांबली. बंद कंटेनरात माल आहे की नुसती हवा, हे खिडकीतून कळत नाही. ते मला शेजारी बसलेल्या, मोंबासाच्या बंदरात मालाच्या कागदपत्रांचे काम करणाऱ्या गृहस्थांनी सांगितले. चीनमधून आलेली यंत्रे, कापड, विजेची उपकरणे घेऊन गाड्या भरून नैरोबीकडे जातात आणि परतताना त्यांतले पुष्कळ कंटेनर रिकामे असतात. केनियाचा चहा आणि ॲव्होकाडो चीनमध्ये जातात खरे, २०२२मध्ये ताज्या ॲव्होकाडोची पहिली खेपही गेली. पण आयातीच्या मानाने ही निर्यात फारच तोकडी आहे.

खरी मेख कर्जफेडीच्या करारात होती. रेल्वेला ठरावीक माल मिळवून देण्याची हमी बंदराने दिलेली असल्यामुळे आयात कंटेनर रेल्वेनेच नैरोबीला नेण्याची सक्ती झाली. मोंबासाचे ट्रकवाले निषेधासाठी रस्त्यावर उतरले आणि महामार्गावरच्या खानावळींचे गिऱ्हाईक आटले. २०२२मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी, रुटो यांनी, ही सक्ती उठवली. त्याच वर्षी कर्जाच्या करारांचे काही कागद सरकारने जाहीर केले, तोवर सामान्य केनियन माणसाला अटी ठाऊक नव्हत्या. माझ्या मते दोष एकट्या चीनचा नाही. नैरोबीत सही करणाऱ्यांनीही माल किती मिळेल याचा हिशेब फार उदार मनाने मांडला. मार्ग युगांडाच्या सीमेपर्यंत जायचा होता, पण तो २०१९मध्ये नैरोबीपलीकडे नैवाशाजवळ थांबला, कारण पुढच्या टप्प्यासाठी तेव्हा कर्ज मिळाले नाही.

मोंबासाचे स्थानकही शहरापासून दूर, मिरितिनीला आहे. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. हाताशी एक दिवस असेल, तर फोर्ट जीझसला जावे. १५९०च्या दशकात पोर्तुगीजांनी तो बांधला तेव्हा इथला कारभार गोव्याहून चाले, हे तटावर उभे राहून बंदराकडे पाहताना आठवते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर देशभर बंदी आहे, त्या घरीच ठेवाव्यात. पिवळ्या तापाची लस मात्र निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण तिचे प्रमाणपत्र भारतात परत येताना विमानतळावर मागतात.