आमची वाटचाल : इक्लिप्स सुटलं तेव्हा

2012 साली जळगावात आतेभावाच्या घराच्या माडीवर दोन टेबलं टाकून आम्ही सुरुवात केली. पहिलं अ‍ॅप रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं. शेताच्या बांधावर ट्रक भरताना कोणाचा माल, वजन किती, हे मोबाइलमध्ये टिपायचं आणि रेंज आली की पेढीवर पाठवायचं. काम इक्लिप्समध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये; बिल्ड, म्हणजे कोड बांधून चालतं अ‍ॅप करणं, अँट या साधनावर. लागेल ती जार फाइल, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, उचलून लिब्ज फोल्डरमध्ये टाकली की झालं. इक्लिप्स मधूनच बसकण मारायचं, पण त्याच्या खोडी आम्हाला पाठ होत्या.

डिसेंबर 2014मध्ये गूगलचा अँड्रॉइड स्टुडिओ 1.0 आला, इक्लिप्सच्या जागी वापरायचा. आम्ही ढुंकून पाहिलं नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला? पण इक्लिप्समध्ये अँड्रॉइडचं काम करू देणाऱ्या प्लगइनचा सपोर्ट 2015अखेर बंद करणार, असं गूगलने जाहीर केलं आणि नाइलाज झाला. गणपतीत काम जरा सैल असतं, तेव्हा हात घातला.

पहिला मार इंटरनेटने दिला. स्टुडिओत अँटच्या जागी ग्रॅडल. ते आधी स्वतःलाच डाउनलोड करतं, मग लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे. आमच्याकडे डोंगल, त्यात लाइट गेली की सगळं मध्येच लटकलेलं. शेवटी ओळखीच्या एकाच्या ऑफिसात रात्री बसून एका लॅपटॉपवर सगळं उतरवलं आणि ग्रॅडलचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्यावर नेलं. दोन्ही मशीन 4 जीबीची. स्टुडिओ, ग्रॅडल आणि एमुलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) एकदम चालू केले की माउसही हलेना. एमुलेटर सोडला आणि फोन केबलने जोडून काम केलं.

मग खरी गंमत. तोच कोड आतेभावाकडे बिल्ड होईना, माझ्याकडे सुरळीत. त्याच्या स्क्रीनवर लाल ओळ : ‘टेक्स्टअपिअरन्स मटेरियल विजेट बटन इन्व्हर्स’ नावाचं रिसोर्स सापडत नाही. आम्ही असलं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन दिवस फायली चाळल्या. भाऊ वैतागून म्हणाला, “भो, गेलं उडत तुझं ग्रॅडल, इक्लिप्सच बरं होतं.”

चूक निघाली माझीच. कुठलं तरी उदाहरण पाहून अ‍ॅपकॉम्पॅट या अँड्रॉइडच्या लायब्ररीच्या आवृत्तीच्या जागी मी नुसतं अधिकचं चिन्ह टाकलं होतं, म्हणजे मशीनवर असेल ती सगळ्यात नवी घे. भावाने एसडीके, म्हणजे अँड्रॉइडची साधनपेटी, अपडेट केलं होतं, त्याच्याकडे आवृत्ती 23 आली. प्रोजेक्ट मात्र 22वर कंपाइल होत होता, त्यात ते नाव नव्हतंच. माझ्याकडे जुनीच लायब्ररी, म्हणून माझं चालत होतं. जार फाइल निदान प्रोजेक्टसोबत फिरायची. इथे ओळ सारखी आणि माल ज्याच्या त्याच्या मशीनप्रमाणे. चिन्ह काढून पूर्ण आकडा लिहिला, पाच मिनिटांत बिल्ड झालं.

सायनिंगची की, म्हणजे अपडेट आमचंच आहे हे फोनला पटवणारी डिजिटल सही, तेवढी जपून जुनीच लावली. नवी लावली असती तर व्यापाऱ्याच्या माणसांच्या फोनवर अपडेट बसलंच नसतं, आणि अ‍ॅप काढून परत टाकायला गेलो असतो तर फोनमध्येच अडकलेली वजनं पुसली गेली असती.

पुढे रॅम वाढवली, कॉटलिन ही कोड लिहायची भाषा आली, 2021मध्ये नव्या अ‍ॅपसाठी प्ले स्टोअरवर एपीके फाइलऐवजी बंडल हे नवं रूप चढवणं सक्तीचं झालं. ती वळणं फार जड गेली नाहीत. नवा मुलगा कामाला लागला की भाऊ आधी त्याची बिल्ड फाइल उघडतो आणि अधिकचं चिन्ह शोधतो. सापडलं, तर त्या दिवशीची शेवभाजी त्या मुलाच्या खात्यावर.