नाचणारे कुठे आहेत?

पश्चिम आफ्रिकेतला जेंबे हा हाताने वाजवायचा ढोल शिकायला बसलेल्या मराठी माणसाला हातांच्या आधी समेची अडचण येते. तबला शिकलेला नसला तरी आपला कान समेला चटावलेला असतो. गवई कितीही लांब भटकून आला तरी समेवर येणार, सभेच्या माना एकदम हलणार, कुणीतरी 'वाह' म्हणणार. जेंबेच्या वर्गात चौघे चार वेगवेगळ्या जागांवरून वाजवायला लागतात, गाडी सुरू होते, आणि आपण मान कुठे हलवायची ते काही कळत नाही.

आमचा वर्ग दक्षिण लंडनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये भरतो. शिक्षक गिनीच्या राजधानीतले, कोनाक्रीचे. विद्यार्थी बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांना शिकवणारे हे लोक इथे हात कसा ठेवायचा हे विचारत बसलेले असतात.

वाद्य दिसायला उखळासारखं. एकाच ओंडक्यातून कोरलेलं, वर बकरीचं कातडं, दोऱ्यांनी ताणलेलं. मांड्यांत धरून किंचित पुढे कलवायचं, म्हणजे खालचं तोंड मोकळं राहतं आणि आवाज बाहेर पडतो. आवाज मुख्यतः तीनच: मध्यावर तळहात पडला की बेस, कडेला बोटं जुळवून मारलं की टोन, आणि त्याच कडेला बोटं सैल सोडून मारलं की तडकणारा स्लॅप. बेस पहिल्याच दिवशी येतो. टोन महिनाभरात ओळखीचा होतो. स्लॅप मात्र जोर लावून येत नाही. माणूस इरेला पेटून मारत राहतो, बोटं लाल होतात आणि बाहेर पडतो तो जरा रागावलेला टोन. शेजारची पोरगेली मुलगी गप्पा मारता मारता सहज हात टाकते आणि खिडकीच्या काचा थरथरतात. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं ते वेगळंच. आपल्याकडे हलगी जाळावर शेकतात, तसा तिकडे गावात जेंबेही शेकोटीजवळ धरतात.

बोल आहेत, ही एक सोय. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी अमेरिकेत शिकवायचे, त्यांनी हे बोल रुजवले: गुन-दुन म्हणजे बेस, गो-दो टोन, पा-ता स्लॅप, जोडीतला पहिला उजव्या हाताचा, दुसरा डाव्याचा. मराठी माणूस इथे खूश होतो. तोंडाने म्हणायचं आणि मग हातात आणायचं, हे आपल्या ओळखीचं. पण बोल पाठ होतात आणि सम सापडतच नाही. त्यातून साथीच्या जेंबेचा तुकडा एवढासा! तोच तासभर वाजवायचा, न वाढवता, न सजवता. शेजारी दुनदुन: गाईच्या कातड्याचे, काठीने वाजणारे तीन नळकांडी ढोल. सगळ्यात मोठा दुनदुनबा, मधला सांगबान, धाकटा केनकेनी. तालाची ओळख पटते ती बहुतेक सांगबानवरून. आम्ही जेंबेवाले मात्र आपल्याच हातांकडे बघत मनातल्या मनात आकडे मोजत असतो. नोकरी करून करून मोजायची सवय लागलेली असते, दुसरं काय!

आम्ही शिकत होतो तो ताल कासा. गिनीच्या मालिंके शेतकऱ्यांचा, शेतातल्या कामाचा. रांगेने कामाला लागलेल्या माणसांना हुरूप यावा म्हणून वाजवणारे शेतावर जातात. भलरी ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. हे ताल गावाच्या वेशीबाहेर पडले ते फोदेबा केइता यांच्या 'ले बाले आफ्रिकें' या नृत्यसंस्थेमुळे. १९५०च्या दशकात पॅरिसमध्ये ती उभी राहिली आणि १९५८ साली गिनी स्वतंत्र झाल्यावर त्या देशाचं राष्ट्रीय पथक बनली. मामादी केइतांसारखे वादक गावातून असल्याच सरकारी पथकात गेले आणि पुढे जगभर शिष्य करत फिरले. तिथून कुठल्या कुठल्या वाटांनी हा ताल आमच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांपर्यंत आला. वाटेत नाचणारे मात्र मागे राहिले.

हे कळलं ते शेजारच्या खोलीतला नाचाचा वर्ग एका संध्याकाळी आमच्यात आला तेव्हा. त्यांची टाच लाकडी फरशीवर पडली आणि इतके दिवस हुलकावणी देणारी जागा जमिनीतच सापडली. मोजायचं कारणच उरलं नाही. शिक्षकही तेवढ्यात बदलले. एरवी आमच्या हातांकडे बघणारे डोळे आता फक्त पायांवर होते. एक बाई पुढे झाली, तिने खांदे टाकले, गुडघे वाकवले. तिचं पाऊल जिथे पडेल तिथे यांचा स्लॅप. आपल्या कथकच्या मैफलीत तबलजी करतो तेच, फक्त इथे नाचणारी कालपर्यंत अकाउंट्समध्ये बसणारी. ती तापली तसे हे तापले, वेग वाढला, आणि ठराविक तुकडा कडाडून वाजवून त्यांनी सगळं एका ठोक्यात थांबवलं. आमचे साथीवाले चार जण त्यानंतरही एक आवर्तन पुढे गेले.

वयाने मोठं झाल्यावर वाद्य शिकणारे बहुतेक जण खुर्चीत बसून शिकतात. पियानोला ते चालत असेल. जेंबेबद्दल माझी शंका आहे. हा ताल कुणाच्या तरी अंगासाठी बांधलेला आहे, आणि ते अंग समोर नसेल तर आपण पत्ता नसलेलं पाकीट भरभरून लिहीत बसतो.

शिक्षकांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, मग सोमवारी नाचाच्या वर्गालाही ये. नाव नोंदवलंय. आता गुडघ्यांचं मत घ्यायचं बाकी आहे.