माझा अनुभव: येमेनबद्दलचा एक प्रश्न ब्रिटिश संसदेत विचारून घेताना

‘अधिवेशन संस्थगित होण्यापूर्वी उपलब्ध असलेल्या वेळेत या प्रश्नाचं उत्तर देणं शक्य झालेलं नाही.’

मंत्र्यांच्या नावाने आलेलं हे अख्खं उत्तर. वर आमचा चांगला चार ओळींचा प्रश्न, खाली हे एक वाक्य. हिवाळ्यात ज्या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला, तो एप्रिल २०२१ च्या शेवटी असा निकालात काढला गेला. ते वाक्य आठवलं की अजूनही डोकं तापतं. ब्रिटनमध्ये राहून, दूरच्या एखाद्या युद्धाबद्दल इथल्या सरकारला जाब विचारावासा वाटणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. गाडी नेमकी कुठे अडते, ते आधी ठाऊक असलेलं बरं.

आधी विषय. मार्च २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालची आघाडी येमेनवर हवाई हल्ले करत होती. त्यात ब्रिटनने विकलेली टायफून आणि टोर्नेडो विमानं होती, ब्रिटनने विकलेले बॉम्बही होते. आणि ब्रिटनचा स्वतःचाच निकष असा, की विकलेलं शस्त्र आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याच्या गंभीर उल्लंघनासाठी वापरलं जाण्याचा स्पष्ट धोका असेल, तर निर्यात परवाना द्यायचा नाही. जून २०१९ मध्ये अपील न्यायालयाने सरकारची परवाने देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. आधीच्या हल्ल्यांत कायदा मोडला गेला होता की नाही, याचा निष्कर्षच सरकारने काढलेला नव्हता. मग ७ जुलै २०२० ला सरकारने संसदेला कळवलं: आता आम्ही तपासलं, काही संभाव्य उल्लंघनं आढळली, पण त्या सुट्या घटना आहेत, त्यांत काही ठरावीक साचा दिसत नाही. झालं, परवाने पुन्हा सुरू. संरक्षण खात्याकडे अशा पाचशेहून जास्त आरोपांची नोंद असल्याचं त्याच महिन्यात पुढे आलं. त्यातले किती ‘संभाव्य उल्लंघन’ ठरले, ते मात्र सांगितलं नाही.

माझ्याबरोबर काम करणारा एक सहकारी मूळचा येमेनमधल्या सादा प्रांतातला. ९ ऑगस्ट २०१८ ला त्या प्रांतात, दहयानच्या बाजारात, शाळकरी मुलांच्या बसवर बॉम्ब पडला. रेड क्रॉसने दिलेला आकडा ५१ मृत्यूंचा, त्यात ४० मुलं. पाचशेच्या त्या यादीत ही बस कुठल्या रकान्यात आहे, एवढंच त्याला हवं होतं. इतकं साधं विचारता येत नसेल तर संसद कशासाठी, असं मला वाटलं आणि मी कामाला लागले.

याचिका का नाही केली, असं बरेच जण विचारतात. संसदेच्या ऑनलाइन याचिकेला १०,००० सह्या मिळाल्या तर सरकार लेखी उत्तर देतं, १ लाख झाल्या तर चर्चेसाठी विचार होतो, आणि सह्या गोळा करायला सहा महिने. लोकांचं लक्ष वेधायला तो मार्ग उत्तम आहे. पण मला गर्दी नको होती, एक आकडा हवा होता. त्यासाठी खासदाराने मंत्र्याला विचारलेला लेखी प्रश्नच हवा. तो आणि त्याचं उत्तर दोन्ही कायमचं नोंदीवर राहतं, आणि उत्तर चुकीचं असेल तर मंत्र्याला ते दुरुस्त करावं लागतं.

याची ताकद येमेनच्याच बाबतीत दिसली आहे. जुलै २०१६ मध्ये, उन्हाळी सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, परराष्ट्र खात्याने आपल्या जुन्या लेखी उत्तरांत दुरुस्ती केली. आधी म्हटलं होतं की आघाडीने कायदा मोडलेला नाही असा आमचा निष्कर्ष आहे. दुरुस्तीनंतर ते झालं: आघाडीने कायदा मोडला आहे असा निष्कर्ष आम्ही काढलेला नाही. पहिल्या वाक्यात क्लीन चिट आहे, दुसऱ्यात निष्कर्षच नाही. तीन वर्षांनी अपील न्यायालयाने बोट ठेवलं ते याच भोकावर. २०१६ च्याच डिसेंबरमध्ये, बराच काळ प्रश्न विचारले गेल्यावर, संरक्षणमंत्री मायकल फॅलन यांनी सभागृहात मान्य केलं की १९८० च्या दशकात ब्रिटनने दिलेले क्लस्टर बॉम्ब येमेनमध्ये वापरले गेले. त्यामुळे लेखी प्रश्नाने काय होतंय, असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही.

खासदारांपर्यंत पोहोचणं सोपं गेलं. आपल्याच मतदारसंघाच्या खासदाराला लिहायचं, आणि पत्रात पूर्ण पत्ता पोस्टकोडसकट द्यायचा. तो नसेल तर पत्र पुढेच जात नाही, कारण खासदार दुसऱ्याच्या मतदारसंघातली कामं घेत नाहीत. आमच्या खासदारबाई सत्ताधारी पक्षाच्या नव्हत्या, त्याचा फायदाच झाला असावा. त्यांच्या कार्यालयातला संशोधक हुशार मुलगा होता, आणि पुढचं सगळं त्याच्याशीच बोलणं.

मजकुरावर मात्र मेहनत आहे. प्रश्नाचा पहिला मसुदा साधारण असा होता: येमेनमध्ये युद्धगुन्हे होत असताना सरकार सौदी अरेबियाला शस्त्रं विकणं का थांबवत नाही? वाचायला जोरदार, पण असा प्रश्न टेबल ऑफिसातून, म्हणजे खासदारांचे प्रश्न दाखल करून घेणाऱ्या संसदेच्या कार्यालयातून, पुढे जात नाही. तिथले अधिकारी प्रत्येक प्रश्न नियमात बसतो का ते बघतात. प्रश्नात मत नको, वाद नको, गृहीत धरलेला आरोप नको, आणि विषय त्या मंत्र्याच्या जबाबदारीतला हवा. त्यांनी सुचवलेले बदल नीट समजून घ्या, ते प्रश्न बोथट करत नाहीत. शेवटी आमचा प्रश्न असा झाला: येमेनमधल्या कारवाईसंदर्भात खात्याने नोंदवलेल्या कथित उल्लंघनांपैकी किती घटना ७ जुलै २०२० च्या निवेदनासाठी तपासल्या, त्यांतल्या किती संभाव्य उल्लंघन म्हणून वर्गीकृत केल्या, आणि त्या कोणत्या तारखांच्या होत्या. ‘का’ काढून टाकला आणि ‘किती’, ‘कोणत्या’, ‘कधी’ आणले. ‘का’ विचारलं की मंत्री धोरणावर निबंध लिहून मोकळे होतात.

मध्येच कार्यालयात कोणीतरी शंका काढली, की याच विषयावर न्यायालयात नवी याचिका दाखल आहे, मग न्यायप्रविष्ट म्हणून प्रश्न अडेल. मी सभागृहाचा ठराव शोधून वाचला. मंत्र्याच्या निर्णयालाच न्यायालयात आव्हान दिलं असेल, तर त्यावर बोलायला त्या ठरावात सूट आहे. तो परिच्छेद मी पाठवला आणि प्रश्न दाखल झाला. याचा मला आजही अभिमान आहे, कारण तेव्हा सगळे गप्प बसायला तयार होते.

आता खरी अडचण. साध्या लेखी प्रश्नाला आठवड्याभरात उत्तर द्यायचा संकेत आहे. संकेत, नियम नव्हे. आधी उत्तर आलं ते असं की ब्रिटनची निर्यात-नियंत्रण व्यवस्था जगातल्या सर्वात काटेकोर व्यवस्थांपैकी एक आहे, प्रत्येक अर्ज निकषांवर तपासला जातो, परिस्थितीवर सतत बारकाईने लक्ष ठेवलं जातं. आकडा नाही, तारीख नाही. हेच वाक्य जुन्या उत्तरांत शोधून बघा, ढिगाने सापडेल. ज्याने कोणी ते चिकटवलं त्याने आमचा प्रश्न वाचला तरी होता का, असा मला संशय आहे. त्या सहकाऱ्याला ते छापून दाखवताना मला शरम वाटली. त्याने दोनदा वाचलं, आणि यात बस कुठे आहे, एवढंच विचारलं.

मग प्रश्न तोडून, तीन सुटे प्रश्न करून पुन्हा दाखल केले. त्यावर कळवण्यात आलं की विषय दुसऱ्या खात्याचा आहे, प्रश्न तिकडे वळवलेत. यात तांत्रिक सत्य आहे: आरोपांची नोंद एका खात्याकडे, परवान्याचा निर्णय दुसऱ्याकडे, आणि सल्ला तिसऱ्याकडे. पण निर्णय घेताना तिन्ही खाती एकत्र बसतात ना? मग उत्तर देताना कशी वेगळी होतात? या वळवावळवीत ईस्टरची सुट्टी आली. सभागृहाला सुट्टी म्हणजे घड्याळ थांबलं. सुट्टी संपली तेव्हा अधिवेशन संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि इथेच तो सापळा आहे जो कोणी सांगत नाही. अधिवेशन संस्थगित झालं की अनुत्तरित प्रश्न आपोआप बाद होतात. पुढच्या अधिवेशनात ते पुढे चालू राहत नाहीत, नव्याने दाखल करावे लागतात. म्हणजे शेवटच्या आठवड्यांत आलेला अडचणीचा प्रश्न नुसता धरून ठेवला तरी पुरतं. २९ एप्रिलला अधिवेशन संपलं आणि वरचं ते वाक्य आमच्या पदरात पडलं. ‘शक्य झालेलं नाही’! नऊ महिन्यांपूर्वी संसदेला जे तपासल्याचं सांगितलं, त्याची मोजणी शक्य झाली नाही. आकडा माहीत असल्याशिवाय ‘सुट्या घटना’ म्हणता आलं कसं? मला राग आहे तो याचा. उशिराचा राग मी गिळला असता.

आता हे वाचून कोणी प्रश्न विचारणार असेल, तर सर्वात आधी संसदेचं वेळापत्रक बघा. सुट्ट्या कधी, अधिवेशन कधी संपण्याची शक्यता आहे, निवडणुकीची चर्चा आहे का. संसद विसर्जित झाली तर प्रश्नांबरोबर समित्यांच्या चौकशाही तिथेच थांबतात. अधिवेशनाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाला पळवाट कमी.

दुसरं, ‘नेम्ड डे’ प्रश्नाचा आग्रह धरा. त्यात उत्तराची तारीख खासदार ठरवतात, पण एका खासदाराला दिवसाला असे पाचच विचारता येतात, म्हणून कार्यालयं ते जपून वापरतात. त्यावरही ‘लवकरच कळवू’ असं तात्पुरतं उत्तर येऊ शकतं. तरी तारीख उलटली हे नोंदीवर दिसतं. उशीर फारच झाला तर खासदार प्रोसिजर कमिटीकडे तक्रार करू शकतात. ही समिती कोणतं खातं किती वेळेत उत्तरं देतं यावर लक्ष ठेवते. आम्ही तसं पत्र जाईल असं नुसतं सुचवलं, तेव्हा हालचाल जाणवली.

खर्चाचंही सांगायचं राहिलं. उत्तर शोधायला ८५० पौंडांहून जास्त खर्च येत असेल तर खातं ‘अवाजवी खर्च’ म्हणून नकार देऊ शकतं. म्हणून एका प्रश्नात दहा वर्षांची माहिती मागू नका. छोटे तुकडे करा, ठरावीक तारखा द्या.

वरिष्ठ सभागृहही विसरू नका. लॉर्ड्सना मतदारसंघ नसतो, त्यामुळे त्यांना कुठूनही लिहिता येतं. तिथल्या आंतरराष्ट्रीय संबंध समितीनेच फेब्रुवारी २०१९ मध्ये म्हटलं होतं की सौदीला शस्त्रं विकून ब्रिटन कायद्याच्या रेषेच्या किंचित पलीकडे, चुकीच्या बाजूला उभा आहे. उलट कॉमन्सच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, समित्यांत सप्टेंबर २०१६ मध्ये फूट पडली होती: दोन समित्यांनी विक्री थांबवा म्हटलं, परराष्ट्र व्यवहार समितीने न्यायालयाची वाट बघू म्हटलं. त्यामुळे एका समितीने दाद दिली नाही तर दुसरीकडे जा.

११ मे ला नवं अधिवेशन सुरू झालं आणि आमचा प्रश्न पहिल्याच दिवसांत, नेम्ड डे म्हणून, योग्य त्या खात्याच्या नावे गेला. उत्तर आलं. आकडा दिला नाही. पण या वेळी नकार स्पष्ट शब्दांत होता आणि कारणासकट होता: ही माहिती उघड केली तर परराष्ट्र संबंधांना बाधा येईल. म्हणजे आकडा आहे, तो सरकारला माहीत आहे, आणि तो सांगायचा नाही हा घेतलेला निर्णय आहे. ‘शक्य झालं नाही’ आणि ‘सांगणार नाही’ यांत मला दुसरं चालतं, कारण त्याला धरून पुढचा प्रश्न विचारता येतो. पुढे जून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने वर सांगितलेली ती नवी याचिका फेटाळली, आणि त्या सुनावणीतला महत्त्वाचा भाग गुप्ततेच्या कारणाने बंद दाराआड झाला. बस कुठल्या रकान्यात आहे, ते त्या सहकाऱ्याला अजून कळलेलं नाही. मंत्र्याने माहिती नाकारली असेल तर तोच प्रश्न तीन महिन्यांनी परत विचारता येतो. त्याने ती तारीख लिहून ठेवली होती आणि मला आठवणही त्यानेच करून दिली.

आणखी एक, जे आपल्या लोकांना हमखास माहीत नसतं. खासदाराला लिहायला ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, त्या मतदारसंघात राहणं पुरतं. आणि भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असतील, तर संसदेच्या निवडणुकीत मतदानही करू शकतात. मतदार यादीत नाव आधी नोंदवून घ्या, खासदाराला पत्र त्यानंतर लिहा.