गुरूचा तांबडा डाग, धायरीच्या अंगणातून

माझी दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेली आरशाची दुर्बीण. आरशाचा व्यास २०३ मिलिमीटर, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. १२०० ला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मिलिमीटरमधल्या आकड्याने भागलं की किती पट मोठं दिसणार ते कळतं: २५ चा लावला तर ४८ पट, १० चा लावला तर १२०, ६ चा लावला तर २००. जानेवारी २०२६ मध्ये गुरू प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणार होता, तेव्हा त्याच्यावरचा तांबडा डाग, म्हणजे तिथलं प्रचंड वादळ, या हिवाळ्यात बघायचाच असं ठरवलं.

गच्ची सोडून मागच्या अंगणात बसलो. आपल्याकडे थंडीतही स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. त्या हवेतून गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो. माती लवकर निवते. आंब्याचं झाड आड येईल असं वाटलं होतं, पण गुरू मिथुनेत असल्याने मध्यरात्री जवळजवळ डोक्यावरच येत होता. त्यात दुसरीच पंचाईत. नळी उभी झाली की डॉब्सोनियन आडवी फिरवणं जिवावर येतं, म्हणून साडेनऊ-दहाला, गुरू अजून पूर्वेला असतानाच बघून घ्यायचं. दुर्बीण मात्र तासभर आधी बाहेर. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला हवा.

२५ च्या आयपीसमध्ये चार चंद्र एका ओळीत सुरेख दिसतात, गुरू मात्र नुसता झगझगतो. शेजारच्या काकांनी डोळा लावला आणि म्हणाले, "अरे, हा तर बल्ब आहे! पट्टे कुठायत?" मी पोर्चचा दिवा लावला. गुरू बघताना डोळे अंधाराला सरावलेले नसले तर बरंच. उजेडातल्या डोळ्याला रंग आणि बारकावे जास्त कळतात. मग १० चा आयपीस लावला, काकांना चष्मा काढून फोकस फिरवायला सांगितलं, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे पट्टे त्यांचे त्यांनाच सापडले.

६ च्या प्लॉसल जातीच्या आयपीसचं माझं काही जमलं नाही. डोळा काचेला इतका चिकटवावा लागतो की पापण्या घासतात, आणि तेवढ्यात मिनिटभरात गुरू दृश्यातून निघूनही जातो. १० च्या आयपीसला दोन पटीचा बार्लो, म्हणजे मोठेपणा वाढवणारं जोडभिंग, जोडला की २४० पट मिळतात आणि डोळाही आरामात राहतो. पण २४० पट चालेल की नाही हे हवा ठरवते. तारे लुकलुकत असतील त्या रात्री बार्लो डब्यातच बरा. उलट ज्या धुरकट, वारा पडलेल्या रात्रींना आपण नावं ठेवतो, त्या ग्रहांसाठी बऱ्याचदा उत्तम निघतात.

डागाची वेळ साधावी लागते. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून डाग आज नऊला मध्यावर असेल तर परवा साधारण १० वाजून ३८ मिनिटांनी पुन्हा तिथेच. मध्यावरून सरकला की तासाभरात ओळखणं अवघड होतं. मला आधी डाग दिसलाच नाही, दिसली ती दक्षिण पट्ट्याच्या कडेला पडलेली खाच. खाचेवर नजर ठेवून बसलो. हवा मध्येच दोन-तीन सेकंद थांबते. तशा एका थांब्यात खाचेत फिकट नारिंगी लंबगोल दिसला. चित्रांतल्यासारखा लालभडक मुळीच नाही. दुर्बिणीत सगळं उलटं असतं, त्यामुळे दक्षिण कुठली हे गुरू दृश्यातून कुठल्या बाजूला सरकतोय त्यावरून आधी पक्कं करून ठेवलं होतं.

तेव्हा दुर्बिणीला मित्राचा ८ चा आयपीस होता, १५० पट. पुढे तोच विकत घेतला. ४ चा घ्यावा का असं काका विचारतात. ३०० पट पेलणाऱ्या रात्री इतक्या कमी की मी नको म्हणतो. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा मंडळींच्या आकाशदर्शनात दुसऱ्यांच्या आयपीसमधून आधी बघून घ्यावं, मग पैसे घालावेत.

शनीला अजून वेळ आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसण्याच्या स्थितीत होती. ती आता हळूहळू उघडतायत. कड्यांमधली कॅसिनीची काळी फट नीट दिसायला लागली की बार्लो पुन्हा बाहेर काढेन.