ज्युरिसच्या असाइनमेंट्स

बुधवार, रात्री उशिरा

आज ज्युरिसप्रुडन्सच्या, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या, असाइनमेंट्स तपासायला घेतल्या. विषय एडीएम जबलपूर, सुप्रीम कोर्टाचा 1976 चा निकाल, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना हेबियस कॉर्पस (अटक बेकायदा आहे, कोर्टाने सोडवावं असा अर्ज) मागता येतं का. जवळपास सगळ्यांची सुरुवात एकच, 'हा निकाल म्हणजे लोकशाहीवरचा काळा डाग', मग कायद्याचे तत्त्वज्ञ, हार्ट असं म्हणतो, फुलर तसं म्हणतो, सरकारच्या बाजूने चार न्यायमूर्ती विरुद्ध एक, न्या. खन्ना एकटे उभे राहिले, संपलं. चुकीचं काहीच नाही, पण लिहिणाऱ्याने स्वतः कुठे डोकं लावलंय ते शोधूनही सापडत नाही.

या विषयात लिहायला शिकवायचं म्हणजे माझ्या मते आधी एकच गोष्ट शिकवायची, ज्याच्याशी वाद घालायचाय त्याची बाजू अशी मांडा की त्याने वाचून म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. खोडून काढायचं ते नंतर.

दुपारी एका मुलीला तिचा पेपर घेऊन बसवलं. 'काळा डाग' खाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हटलं, हे राहू दे, ते चार न्यायमूर्ती काय म्हणत होते ते सांग. तिला सांगता येईना. मग घटना उघडली, कलम 359 काढलं, तिने तिथेच बसून लिहिलं, आणि ते असं होतं: 'आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित करायची मुभा घटनेनेच दिली आहे. 27 जून 1975 ला राष्ट्रपतींनी तसा आदेश काढला, त्यात कलम 21 होतं. व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क जर फक्त कलम 21 मधूनच येत असेल, तर कोर्टाने अर्ज ऐकायचा कशाच्या जोरावर?'

वाचून अंगावर काटा आला. एकेक पायरी नीट, आणि शेवटी माणूस विनाचौकशी आत. आता कुठे दिसतं की खन्नांनी नेमका कुठे हात घातला, त्या 'फक्त' वर, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क एकट्या कलम 21 च्या मालकीचा नाही, ते कलम नसतं तरी कायद्याचा आधार असल्याशिवाय सरकारला कुणाला डांबता आलं नसतं. हार्ट-फुलर वादही (1958 चा, कायदा आणि नैतिकता वेगळ्या करता येतात का यावरचा) मग इथे आपोआप लागू पडतो, घटनेतल्या कलमावर बोट ठेवून काढलेला आदेश, तो तेवढ्यानेच कायदा ठरतो का?

पुढचं, म्हणजे आणीबाणीतही कलम 21 स्थगित करता येणार नाही असं ठरवणारी 44 वी घटनादुरुस्ती, 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने (खासगीपणाच्या हक्काच्या) हा जबलपूरचा निकाल मोडीत काढणं, हे सगळ्यांनी लिहिलंय, गाईडमध्ये असतंच.

उठताना तिने विचारलं, मॅडम, पण नऊ हायकोर्टांनी तर अर्ज ऐकता येतात असं म्हटलं होतं ना, मग त्यांनी 359 चं काय केलं? किती छान प्रश्न! सांगितलं, हीच तुझी पुढची असाइनमेंट, जबलपूरच्या हायकोर्टाचा निकाल लायब्ररीतून काढ आणि पहिल्या पानावर फक्त सरकारचं म्हणणं लिहून आण.