ज्वाळेआधीचा धूर

लिथियम-आयन सेल तापवण्याचा प्रयोग असला की माझं लक्ष ज्वाळेपेक्षा धुराकडे जास्त असतं. १३० अंश सेल्सिअसच्या आसपास आतल्या दोन इलेक्ट्रोडना वेगळं ठेवणारा पॉलिइथिलीनचा पातळ पडदा वितळतो, शॉर्ट सर्किट होतं आणि फुस्स करून पांढरट धूर बाहेर पडतो. त्यात इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे सेलमधल्या द्रावणाची, वाफ, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड. लगेच पेटला तर आग. बंद जागेत साठून मग ठिणगी मिळाली तर स्फोट.

२०१९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या बॅटऱ्यांमध्ये वीज साठवणाऱ्या एका केंद्रात हेच झालं. दार उघडल्यावर स्फोट झाला, अग्निशमन दलाचे जवान जखमी झाले. नुसती आग विझवून भागत नाही, वायू बाहेर काढायची सोय हवीच, असं मी ठामपणे म्हणते. सध्या मी याच वायूंच्या ज्वाळेचा वेग मोजते आहे. स्फोटाचा दाब सोडणारी झडप केवढी हवी, हे त्यावरूनही ठरतं.