जुन्या बाजारातलं ट्रामचं तिकीट

आज बुधवार, म्हणून पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. गंजक्या कुलपांच्या ढिगाशेजारी रद्दीचं गाठोडं सुटलं होतं. त्यात एक लग्नपत्रिका, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. हळद अजून बोटाला लागेल अशी. आणि एका पंचांगात खुणेला घातलेलं मुंबईच्या ट्रामचं तिकीट! ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, म्हणजे हा चिटोरा किमान ६० वर्षं जुना. कंडक्टरनं पाडलेलं भोकसुद्धा शाबूत.

"न्या तसंच, कागदाचे कसले पैसे," काका म्हणाले. मी बळेच दिले.

पुस्तकं ग्रंथालयं सांभाळतात. तिकिटं, पत्रकं, पत्रिका कोण सांभाळणार? जीव तुटतो.

परतताना खांबावरचं ओलं, फाटकं 'घरगुती मेस' पत्रकही थांबून पुरतं वाचलं.